चार नावांचा दगड

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता जबाब कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगायला मला जुन्या वह्या उघडाव्या लागतात. एका दगडाच्या चोरीसाठी मात्र वही लागत नाही. ते सगळे क्रमाने आठवते. गावाचे नाव आणि माणसांची नावे इथे लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसे आपापल्या जागी सुखात आहेत आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा भांडणार आहेत.

तेव्हा मी कुरखेड्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका छोट्या ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवस मोहफुले वेचण्याचे होते. या दिवसांत ठाण्यात सकाळी शांतता असते. पहाटेपासून माणसे टोपल्या घेऊन झाडांखाली असतात, भांडायलाही कोणाला सवड नसते. हजेरी घ्यायची, डायरी बघायची, बिनतारी संदेश वाचायचे, चहा प्यायचा. चौकशीला माझ्यासोबत नेहमी एक हवालदार असत. वरोऱ्याच्या बौद्ध कुटुंबातले, सुरेख अक्षराचे, टेबलाच्या खणात कायम वाचनालयाचे पुस्तक ठेवणारे. ते गेल्या वर्षी गेले. त्यांचे बोलणे जसेच्या तसे उतरावे असा प्रयत्न करतो आहे, म्हणून लिहिणे हळू चालले आहे.

ठाण्याच्या हद्दीतल्या एका गावात नाल्यावर नवा पूल झाला होता. एका स्थानिक नेत्याने तो मंजूर करून आणला होता आणि रविवारी त्याचे लोकार्पण होते. नेता एक, पक्ष एक, पण गावात त्याच्या समर्थकांचे दोन गट. एका गटाचे प्रमुख निवृत्त शिक्षक होते, त्यांना आपण मास्तर म्हणू. दुसऱ्या गटाचा प्रमुख पुलाचा ठेकेदार. दोघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो त्याच नेत्याचा होता. एकीकडे तो हात जोडून उभा होता, दुसरीकडे हात हलवत होता. एवढाच फरक.

भांडण पेटले ते एका महाराजांवरून. ठेकेदाराने लोकार्पणासाठी शहरातले प्रसिद्ध महाराज बोलावले होते. या महाराजांनी वर्षभरापूर्वी एका प्रवचनात सांगितले होते की, जंगलातली माणसे गोट्यांना कोंबडी दाखवतात आणि त्यालाच देव म्हणतात. ती चित्रफीत प्रत्येकाच्या फोनवर पोचली होती. मास्तर त्याच गावचे, गोंड समाजाचे. त्यांचा गट म्हणाला, पूल आमच्या गावाचा आहे, नारळ आमचा भूमकच फोडेल. भूमक म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. दोन्ही गट नेत्याकडे गेले. नेत्याने दोघांनाही चहा पाजला आणि मला फोन केला, "ठाणेदार साहेब, दोन्ही आपलीच माणसं आहेत. तुम्ही फक्त बंदोबस्त चांगला ठेवा." ते यात काहीही बोलणार नाहीत, हे मला समजले.

शनिवारी सकाळी हजेरी चालू असतानाच ठेकेदार ठाण्यात शिरला. मागे त्याची सात-आठ माणसे.

"साहेब, दगड गेला!"

"कोणता दगड?"

"कोनशिला, साहेब. काल संध्याकाळी बसवली, आज सकाळी जागा खाली. खास आणली होती मी. माणसाएवढी उंच, काळी, वरून टोक काढलेली. उद्या महाराजाईनं पडदा कशावरचा उघडाचा? माझ्या डोक्यावरचा?"

"कोणावर संशय?"

त्याने फोन माझ्यासमोर धरला. मास्तरांच्या मुलीने आदल्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिले होते, 'महाराजाचा दगड उद्या पुलावर दिसला तर माझं नाव बदलीन.'

"आता सांगा," ठेकेदार म्हणाला, "आनखी काय पुरावा पाहिजे? लिहा तिचं नाव. आत्ताच लिहा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले आणि टेबलावरची एक फाईल थोडी पुढे सरकवली. ती त्याच मुलीची होती. वनरक्षक म्हणून तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याकडे दोन दिवसांपूर्वीच आला होता. त्या कागदावर ठाण्याने एकच गोष्ट लिहायची असते, नावावर गुन्हा आहे की नाही. त्या दिवशी गुन्हा दाखल झाला असता, तर तो खरा की खोटा हे ठरायला दोन वर्षे लागली असती. नोकरी तेवढी थांबत नाही. तिने या भरतीसाठी तीन वर्षे रोज पहाटे गावच्या रस्त्यावर धावण्याचा सराव केला होता, हे मला नंतर कळले.

मी लेखी तक्रार घेतली, डायरीला नोंद केली आणि ठेकेदाराला सांगितले की आधी जागा बघतो, मग पुढचे.

"संध्याकाळी सहा वाजता मी इथी येऊन बसतो," तो म्हणाला. "तोवर तिचं नाव नाई चढलं, तर उद्या आमी सारे रस्त्यावर."

पुलाच्या तोंडाशी विटांचा छोटा ओटा होता. त्यातून खाली जमिनीत रोवून दगड उभा केलेला होता. सिमेंट अजून ओले असतानाच तो काढला होता, त्यामुळे ओट्याची एकही वीट हलली नव्हती. शेजारी अनावरणाचा लाल पडदा चार पदरी घडी करून ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक छोटा दगड. ओट्याच्या खाचेत पळसाचे पान आणि त्यावर हळद लावलेले तांदळाचे दाणे.

हवालदार पंचनामा लिहीत होते. ते पडद्याजवळ बराच वेळ थांबले.

"साहेब, एवढ्या वर्षांत चोराची घडी पहिल्यांदाच पाहून राह्यलो. माझ्या घरी पोरं अंथरुणाची घालत नाईत."

मी हसलो आणि पुढे गेलो. पान आणि तांदूळ यांची नोंद त्यांनी केली. मी ती ऐकली, पण तिचा अर्थ विचारला नाही. ही माझी त्या दिवसाची पहिली चूक.

दुपारी खबर आली. गावातल्या एकाने फोन करून सांगितले की, सूर्य उगवायच्या वेळेला मोहफुले वेचताना त्याने चार माणसे पाहिली. बांबूला बांधून काहीतरी जड नेत होती, मास्तरांच्या गोठ्याकडे. मी लगेच दोन पंच घेऊन निघालो. खबरीचा अर्धा भाग डोळ्यांचा असतो आणि अर्धा ती देणाऱ्याच्या गटाचा, हे मला माहीत असायला हवे होते. ही दुसरी चूक.

मास्तर गोठ्याच्या दारात उभे राहिले. "घ्या झडती. पण बैल मारकुंडे आहेत, पोलीस-बिलीस वळखत नाईत."

तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाखाली काहीतरी चौकोनी, झाकलेले दिसले. हवालदारांनी वरचे कापड ओढले, तर ते मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स निघाले. एकाखाली एक, बारा. सगळ्यांवर नेते हात जोडून हसत होते. त्यांच्याखाली धानाची पोती.

"हे काय, मास्तर?"

"पाणी नाई लागत धानाले," मास्तर म्हणाले. "पाच वर्षांत नेत्यानं माह्यासाठी केलेलं हेच एक काम."

एका पंचाला हसू आवरेना. तो ठेकेदाराच्या गटाचा होता, पण त्याच्याही घरी तसेच असावे. झडती रिकामी गेली.

मुलीचा जबाब तिच्याच अंगणात घेतला. महिला शिपाई तिच्या शेजारी बसली होती. मुलगी चोवीस वर्षांची, सडसडीत. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती.

"तो मजकूर तुम्हीच टाकला?"

"मीच टाकला. रागात टाकला. आमच्या देवाले तो माणूस गोटा म्हणते, अन् आमच्याच पुलावर माणसाएवढ्या गोट्यावर आपलं नाव लिहून घेते. राग नाई येणार?"

"मग दगड कोणी काढला?"

"मी नाई. मी काढला असता तर सरळ नाल्यात लोटला असता. कोण वाहत बसते एवढं ओझं?"

मास्तर मागून म्हणाले, "पोरी, सांभाळून बोल. तुयी नोकरी आहे."

"नोकरी आहे म्हणून खोटं बोलू का, बाबा?"

मी हवालदारांना पंचनामा वाचायला सांगितला, त्यावरून पुढचे प्रश्न काढू असे मनात होते. ते संथ वाचू लागले. ओले सिमेंट, शाबूत विटा, घडी केलेला पडदा. आणि पळसाच्या पानावर हळदीचे तांदूळ.

ती गप्प झाली. नुसती गप्प नाही. तोवर ती समोर बघत होती, आता जमिनीकडे बघू लागली. खोटे बोलणारा माणूस गप्प होतो तेव्हा तो पुढचे वाक्य शोधत असतो. हिला वाक्य सापडलेले होते आणि ते तिला म्हणायचे नव्हते. अशी शांतता चौकशीत फार कमी वेळा येते. समोरच्याला स्वतःची सुटका दिसलेली असते आणि ती तो वापरत नाही.

"तुम्हाला कळलं ना, कोण ते?" मी विचारले.

"मले काही नाई कळलं."

"सहा वाजता मला गुन्हा दाखल करावा लागेल."

"करा," ती म्हणाली. महिला शिपायाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर येऊन मी हवालदारांना विचारले, या गावात तांदूळ आणि हळद घेऊन कामाला कोण जातो? त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, आपण सकाळपासून सगळ्याईले भेटलो. ज्याच्यावरून भांडण आहे, त्यालेच नाई भेटलो."

भूमक आपल्या अंगणात मोहफुले वाळत घालत होते. सत्तरीच्या पुढचे, बारीक, कमरेला पंचा. मी रामराम केला आणि म्हणालो, "भाऊ, पुलावरचा दगड..."

"नेला ना. मीच नेला. चौघं होतो." त्यांनी हात झटकले. "लई जड, साहेब. माहा खांदा अजून दुखून राह्यला. कुठून आणला त्यायनं?"

"अहो, मग सांगितलं काऊन नाई?" हवालदार म्हणाले.

"कोणी इचारलं? सकाळपासून सारे एकमेकालेच इचारून राह्यले. मले वाटलं, आपल्याशी काम नसन."

त्यांनी आम्हाला गावदेवाच्या जागेवर नेले. मोठ्या मोहाखाली दगड पालथा नव्हे, उताणा निजवलेला होता. खाली पळसाची पाने, वर पळसाची पाने. एका आजाऱ्याला निजवावे तसा.

"आमच्याकडे," ते म्हणाले, "माणूस मेला की त्याच्या नावानं गोटा उभा करतो. उंच. जमिनीत रोवून. माह्या बापाचा आहे, माह्या आज्याचा आहे, तिकडं दिसतात पहा. काल नातसून पुलाकडून आली. म्हणे, उभा गोटा रोवला अन् त्याच्यावर चार नावं लिहिली. मी म्हटलं, कोण मेले? म्हणे, कोणीच नाई. महाराज आहे, नेता आहे, सरपंचबाई आहे, ठेकेदार आहे. आता सांगा साहेब, जित्या माणसाचा गोटा उभा करतात का कोणी? चार-चार जण! काऊन मारता त्यायले?"

"पण भाऊ, शाळेच्या भिंतीत पण नावांचा दगड आहेच की."

"ते भिंतीत आहे. भिंत ते भिंत. हा जमिनीत रोवला ना. अन् सिमेट वाळलं असतं तर मंग निघाला नसता. म्हणून उजाडताच गेलो. देवाले तांदूळ ठेवले, म्हटलं चूक झाली त्यायची, मनावर घेऊ नको."

मी विचारले ते मला विचारायलाच हवे होते. "या महाराजांनी तुमच्या देवाला काय म्हटलं, ते माहीत आहे तुम्हाला?"

"आहे ना. पोराईनं मोबाइलवर दाखवलं. गोटा म्हटलं." ते पाने सारखी करत होते. "म्हटलं त म्हटलं. म्हणून काय त्याले मरू द्याचं?"

पाच वाजता मी मास्तर आणि ठेकेदार दोघांनाही तिथे बोलावून घेतले. भूमकांनी सगळे पुन्हा सांगितले. ठेकेदार आधी हसला, मग त्याने वाकून दगडावरची नावे पहिल्यांदाच नीट वाचली. सर्वात खाली, बारीक अक्षरात, त्याचे स्वतःचे नाव होते. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"यात... माझं बी आहे."

"आहे ना," भूमक म्हणाले. "म्हणून तुले बी निजवलं."

"आडवाच बसवू, साहेब," ठेकेदार घाईने म्हणाला. "कठड्यात बसवू. मिस्त्रीले आत्ताच बोलावतो. उभा नोको."

मास्तरांचा चेहरा खुलला होता. "चला, मंग ठरलं. उद्या नारळ भूमकच फोडन."

"मी कायले?" भूमक म्हणाले. "मले इचारलं का तुमी? पहिला खांब उभा झाला तवाच आमचं झालं. कोंबडा देला, पूल चालू झाला. होळीपासून माहे बैल जाऊन राह्यले त्याच्यावरून. एका कामाची पूजा दोनदा नाई होत, मास्तर. अन् नारळ आमच्याकडे लागतच नाई."

दोन महिने एक गट ज्या माणसाच्या हक्कासाठी लढत होता, त्याला त्या गटातल्या कोणीही काही विचारले नव्हते. मास्तर मोहाच्या मुळावर बसले आणि थोड्या वेळाने स्वतःच हसू लागले.

ठेकेदाराने तिथेच मांडीवर कागद घेऊन लिहून दिले की दगड सुस्थितीत मिळाला, तक्रार नाही. तो उठू लागला तसे हवालदार म्हणाले, "आणखी एक ओळ लिहा, भाऊ. त्या पोरीवर घेतलेला संशय चुकीचा होता."

"ते कशाले? तक्रार नाई म्हटलं ना."

"तुमचं नाव मेलेल्यात उभं होतं, ते या बुढ्या माणसानं खांद्यावर वाहून काढलं. तुमी तिचं नाव बसल्या जागी काढू शकता. लेखणी तर हातातच आहे."

ठेकेदाराने ओळ लिहिली. हवालदारांनी ती दोनदा वाचून घेतली.

दिवेलागणीला महाराज विश्रामगृहावर पोचले. दुसऱ्या दिवशी कुजबुज होण्यापेक्षा मीच सांगावे म्हणून गेलो. ते खिचडी खात होते. मी सगळे सांगितले आणि भूमकांचे 'म्हणून काय त्याले मरू द्याचं?' हे वाक्यही सांगितले. त्यांनी ताट बाजूला ठेवले. मग विचारले, "माझं नाव सगळ्यात वर होतं ना?"

"हो. मोठ्या अक्षरात."

"मग पहिला मीच गेलो असतो," ते म्हणाले आणि हसले, पण त्यानंतर ते जेवले नाहीत.

रविवारी ते समारंभाच्या आधी भूमकांच्या अंगणात गेले. आत काय बोलणे झाले मला माहीत नाही, मी फाटकाशी उभा होतो. बाहेर आले तेव्हा दोघांच्याही हातांना मोहफुलांचा वास होता. समारंभात महाराज दोनच मिनिटे बोलले. त्यांच्याबरोबरच्या माणसांना तो आजार वाटला. ते म्हणाले, "मी या गावाच्या देवाला नाव ठेवलं होतं. ते मी परत घेतो." मग त्यांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा भूमकांना दिला. भूमकांनी तो खाल्ला.

जेवणाच्या पंगतीत दोन्ही गट पुन्हा भिडले. नारळ महाराजांनी फोडला म्हणजे आम्ही जिंकलो, असे ठेकेदाराचे लोक म्हणत होते. पहिला मान भूमकाला मिळाला म्हणजे आम्ही, असे मास्तरांचे. नेते मध्ये बसले होते आणि दोन्हीकडे बघून मान हलवत होते. बंदोबस्ताच्या शिपायांनी निवांत जेवण केले.

सोमवारी पडताळणीचा कागद भरला. हवालदारांनी त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिले, 'आक्षेपार्ह काही आढळले नाही', आणि मी सही केली. त्यावर शिक्का उमटवताना माझ्या मनात आले की, ठेकेदार सकाळीच तो मजकूर दाखवत होता तेव्हा मी हट्टाने जागा बघायला गेलो नसतो, तर हीच सही मी उलट्या वाक्याखाली केली असती आणि मला त्यात काही वावगे वाटले नसते. पोलिसाला हेतू शोधायला शिकवतात. वैर, लोभ, मत्सर, दारू. आमच्या यादीत काळजी नसते. पडदा घडी घालून ठेवलेला, विटा शाबूत, तांदूळ ठेवलेले, सगळे समोर होते. मी त्यात वैर शोधत होतो म्हणून मला ते दिसले नाही. पुढच्या नोकरीत मी कोणत्याही जागेवर गेलो, की आधी बघायचो, इथे कोणी काही जपले आहे का.

वर्षभराने एका दुपारी मी आणि हवालदार जीपने परत येत होतो. वनखात्याच्या तपासणी नाक्यावर आडवा बांबू खाली होता. खाकी गणवेशातली मुलगी पुढे आली आणि तिने आम्हाला ओळखले. कडक सलाम केला.

"जय हिंद, साहेब. मागची फळी उघडा."

"पोलिसांची गाडी आहे, बाई," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं, साहेब. तपासणी सगळ्याईची असते."

हवालदार खाली उतरले. फळी उघडली, आतला रिकामा डबा आणि माझी पिशवी बाहेर काढून दाखवली, पुन्हा आत ठेवली. तिने वहीत गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, खाली त्यांची सही घेतली आणि मगच बांबू वर केला. ते कण्हत जीपमध्ये चढले, दार ओढून घेतले. बराच रस्ता गेल्यावर ते आनंदाने म्हणाले, "चारित्र्य जरा जास्तच चांगलं लिहून देलं साहेब आपण."